एवढा उजेड असताना फ्लॅश कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तसं तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही. मुंजीत बटूचा काका विचारतो, बारशाला शेजारच्या काकू विचारतात, आणि लग्नात तर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरी पाहुणा खांद्यावरून डोकावतोच: "दिवसाढवळ्या फ्लॅश? खिडकीतून एवढा मस्त उजेड येतोय की!" मी "हो ना" म्हणतो आणि फ्लॅश मारतो.

उजेड येतोय हे मलाही दिसतं हो. माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. खिडकी माझ्या पाठीशी असेल तर ती देवाघरची देणगी. पण कार्यालयवाले स्टेज नेमकं खिडक्यांसमोर बांधतात, घरी पाळणा बाल्कनीच्या काचेपुढेच टांगतात, कारण "तिथे छान उजेड असतो". मग खिडकी पाहुण्यांच्या पाठीमागे जाते आणि त्यांच्या चेहऱ्यावर उरतो खोलीतला उष्टा उजेड. आपला डोळा ते सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तसा शहाणपणा नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी आजवर अर्धीच सांगत आलोय.

वाईकडचा एक जुना वाडा, मार्गशीर्षातलं लग्न. तेव्हा माझ्या कार्डावर नावाखाली छापलेलं होतं: 'फक्त नैसर्गिक प्रकाशात'. फ्लॅश म्हणजे गावठी, फ्लॅश म्हणजे तेलकट कपाळं आणि भिंतीवर काळ्या सावल्या, असं मी चारचौघांत बोलायचो. नवरीच्या भावाने माझी निवड त्यासाठीच केली होती. आदल्या दिवशी जागा बघायला गेलो तो संध्याकाळी सातला. खिडक्या काळोख्या, दिवाणखान्यात पिवळे दिवे, जुनं सागवान. म्हटलं, वा! सकाळी तिथे काय होणार हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी काय झालं, तर मागच्या अंगणात चुन्याची पांढरी भिंत होती आणि तिच्यावर ऊन. नवरदेव खिडकीकडे पाठ करून उभा, नवरी त्याच्यासमोर. मुहूर्त 9 वाजून 52 मिनिटांचा. गुरुजींनी अंतरपाट धरला आणि मी खुळावलोच. खिडकीचा सगळा उजेड त्या कापडातून येत होता. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, काठाशी कापडाचा धागान्‌धागा सुटा दिसत होता, आणि पलीकडून नवरदेवाची सावली, मुंडावळ्या हलताहेत तेवढ्या दिसणाऱ्या. अडीच मंगलाष्टकं मी तोच एक फोटो काढत राहिलो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, शटर 1/500 सेकंद, एफ (भिंगाचं छिद्र) 4. आकडे पाठ आहेत, कारण ते मी बदललेच नाहीत.

"शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री, अक्षता, हार. मी पुढची चार मिनिटं त्याच आकड्यांवर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो काळे दिसत होते, ते दिसलेही. म्हटलं, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आहे, घरी उजेड उचलू. फ्लॅश गाडीत होता, त्याचे सेल चार्ज केलेले नव्हते.

घरी उचलले. पाच स्टॉप उचलावे लागले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे 32 पट. नवरदेवाची कातडी राखाडी झाली, त्यात हिरवे-जांभळे दाणे आले, शालूची जर गढूळ पाण्यासारखी. नंतर एकदा त्याच वाड्यात, त्याच वेळेला जाऊन मोजलं. चेहऱ्याच्या जागी आयएसओ 1600, 1/125, एफ 2.8 लागत होतं आणि अंगणाला आयएसओ 100, 1/125, एफ 11. आठ स्टॉप. 256 पट फरक. कुठलाही चेहरा त्यात बुडणारच.

अल्बम द्यायला गेलो. मुखपृष्ठावर अर्थात अंतरपाट. नवरीच्या वडिलांनी चष्मा लावला, पानं उलटली, हारांच्या पानावर थांबले. मग उठून अल्बम घेऊन खिडकीपाशी गेले. नीट दिसावं म्हणून. बराच वेळ बघून म्हणाले, "यात आमचे जावईबापू कुठायत?" मी बॅकलाइट, सिल्हूट वगैरे काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, उरलेले पैसे पाकिटात घालून दिले आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

इथवर गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, आणि पुढे म्हणतो, "तेव्हापासून फ्लॅश." पुढचं सांगत नाही. त्यांच्या बैठकीत एक फोटो आधीच फ्रेम होऊन टांगलेला होता. अंतरपाट सरकल्यावरचा नवरीचा चेहरा, डोळ्यांत पाणी, गालावर मऊ उजेड, नथीचे मोती वेगवेगळे मोजावेत असे. तिच्या आतेभावाने मोबाईलवर काढलेला. फ्लॅश न वापरता. तो गडी खिडकीपाशी, खिडकीला पाठ लावून उभा होता, एवढंच. मला फ्लॅश नव्हे, चार पावलं कमी पडली होती.

पण मग जावयाचं काय? चार पावलं टाकून नवरी मिळाली असती, खिडकीला पाठ करून उभ्या असलेल्या नवरदेवाचा चेहरा नसता मिळाला. तिथे फ्लॅश हवाच होता, असं मी म्हणतो. तेव्हाचा मी म्हणतो, मारला असतास तर अंतरपाटाचं पांढरं फडकं झालं असतं. हेही खरं आहे. समोरून पडलेल्या फ्लॅशने तो आतून आलेला उजेड पुसलाच असता.

हल्ली मी काय करतो, ते थोडक्यात. फ्लॅशचा झोत निमिषात संपतो, त्यामुळे शटर 1/60 असो की 1/200, चेहऱ्यावर फ्लॅश तेवढाच पडतो. खिडकी मात्र शटरने कमी-जास्त होते. म्हणून खिडकी शटरवर सांभाळायची आणि चेहरा फ्लॅशच्या जोरावर. हे 1/200 किंवा 1/250 पर्यंतच चालतं. त्यापुढे बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचा पडदाच काळी पट्टी होऊन फोटोत उतरतो. हाय स्पीड सिंक (शटर सरकेपर्यंत फ्लॅश भराभर लुकलुकत ठेवायची सोय) लावला तर पट्टी जाते आणि तिच्याबरोबर फ्लॅशचा निम्म्याहून जास्त जोरही. खिडकी दोनेक स्टॉप बर्न झाली, म्हणजे पांढरीफटक पडली, तर होऊ देतो. बाहेरचा आंबा दिसला नाही म्हणून कुणी पैसे कापत नाही.

छतावरून बाउन्स करा, म्हणजे फ्लॅश छतावर मारून उजेड खाली परतवा, असंही सांगतात. जरूर. फक्त छताला आधी बघा. मागच्या वैशाखात एका कार्यालयात वर जांभळ्या कापडाची झालर होती आणि मी सवयीने फ्लॅश वर वळवला. हळद लागलेल्या नवरीचे गाल आजारी माणसासारखे दिसले. शिवाय मागे काच असेल तर समोरून मारलेला फ्लॅश नवरदेवाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होऊन बसतो. सरळ न मारता तिरका मारावा लागतो, स्टँड लावावा लागतो, आणि स्टँड लावला की कुणाचा तरी नातू त्याला धडकतो. म्हणजे फ्लॅश हा काही सुखाचा मार्ग नाही. तुम्हाला वाटतं मी आळसाने मारतो. आळस तर न मारण्यात होता, निदान माझ्या बाबतीत.

कार्डावरची ती ओळ मी काढली. नवीन काहीच छापलं नाही.

परवा एका बारशाला फ्लॅश वळवत होतो तेवढ्यात पणजी म्हणाल्या, "अरे बाबा, नको मारूस तो, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा." बंद केला. बाल्कनीच्या काचेला पाठ लावून, कुंडीत एक पाय ठेवून, पाळण्यावर वाकलेल्या त्यांचा फोटो काढला. चांगला आलाय. अजून कुठे टाकलेला नाही. टाकला की खाली पहिलं काय विचाराल, ते मला माहीत आहे.