क्लाउडवाले समुद्रात

ऑफिसातून मला क्रूझवरच्या टेक कॉन्फरन्सला पाठवतायत म्हटल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे तिथं काम काय करायचं?" शेजारच्या काकूंना वेगळीच काळजी, "अगं, जेवणाचं काय?" काकूंना लगेच सांगितलं की जैन जेवणसुद्धा मिळतं. सासूबाईंना मात्र अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

कल्पना तशी नवी नाही. पर्ल भाषेचे प्रोग्रॅमर 2000 सालीच अलास्काच्या जहाजावर जमले होते. आयोजकांचा हिशेब सरळ असतो. हॉटेलात कॉन्फरन्स ठेवली की जेवणानंतर निम्मं पब्लिक गाव बघायला पसार होतं. जहाजावरून जाणार कुठं?

बडोद्याहून सकाळच्या गाडीनं मुंबई गाठली. बिलिमोरा आलं तेव्हा सोबतच्या पोरांना म्हटलं, इथं गायकवाडांचं आरमार असायचं. कुणाचा विश्वास बसेना. बडोदेकरांचा समुद्राशी संबंध दमण-दीवपुरता, आणि तिथंही माणसं लाटा बघायला जातात असं कुणी म्हणत नाही. (जहाजावर बारपुढची रांग बघून गर्दीत गुजरातची मंडळी किती, हे न विचारता कळत होतं.)

बॅलार्ड पियरला सामान ताब्यात घेतलं, ते थेट केबिनच्या दारात सापडलं. लिलो चिवड्याची पाकिटं शाबूत होती. निघण्याआधी सक्तीची कवायत झाली. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब, की आपापल्या जागी जमायचं. इटलीजवळ 2012 साली 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली तेव्हा काही प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाले. लोक सेल्फी काढत होते, पण कार्ड स्कॅन झाल्याशिवाय कुणाला सोडलं नाही.

संध्याकाळी बंदराबाहेर पडताना डावीकडे खांदेरी दिसला. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये हे बेट तटबंदीनं बांधायला घेतलं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडवली. डेकवर त्या बाजूला आम्ही चार मराठी माणसंच उभी होतो. बाकीच्यांचं लक्ष फोनच्या कांड्यांकडे. त्या एकेक करत गेल्या. याचंही एक गणित आहे. जुन्या टू-जीत फोनपासून टॉवरपर्यंत सिग्नलला लागणारा वेळ मोजला जातो आणि ती मोजपट्टी साधारण 35 किलोमीटरला संपते. त्यापुढे सिग्नल कितीही चांगला असो, टॉवर दाद देत नाही. नव्या फोर-जीला जास्त अंतर झेपतं, पण किनाऱ्यावरचे टॉवर काही समुद्रासाठी उभारलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरमध्ये मुख्य भाषण. विषय: सगळं क्लाउडवर न्या, म्हणजे आपल्या जागेवर न ठेवता नेटवरून दूरच्या सर्व्हरवर ठेवा. वक्ता मोठा, सूट भारी, मागं प्रचंड पडदा. प्रस्तावना रंगली आणि मग त्यानं डेमोसाठी ब्राउझर उघडला. गोल फिरायला लागलं. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी एकदा या कडेला, एकदा त्या कडेला जात होतं आणि पडद्यावर तो गोल फिरतोय. वाय-फाय होतं, नाही असं नाही, पण अख्खं जहाज त्याच एका उपग्रहाच्या वाटेवर. शेवटी त्यानं स्क्रीनशॉट दाखवले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या जरा जास्तच जोरात.

मला या प्रवासातलं खरं सेशन मिळालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतंच. डेकवर पांढऱ्या घुमटांकडे बघत उभी होते, तेव्हा जहाजाचे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर भेटले. रत्नागिरीचे. मी बडोद्याची मराठी, हे कळल्यावर म्हणाले, "अहो मग इंग्रजीत कशाला बोलताय, ताई?" घुमटाच्या आत डिश असते. जहाज कितीही डुललं तरी मोटरी तिचं तोंड उपग्रहाकडे धरून ठेवतात. उपग्रह जुन्या पद्धतीचा, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच असेल, तर विनंती वर-खाली आणि उत्तर वर-खाली एवढ्यातच अर्धा सेकंद जातो. खालच्या कक्षेतले नवे उपग्रह 550 किलोमीटरच्या आसपास असतात, तिथं हा त्रास नाही.

"पण आम्ही त्याच्यावर विसंबतच नाही," ते म्हणाले. केबिनची किल्ली, बारचं बिल, कवायतीची हजेरी, सगळं जहाजावरच्याच सर्व्हरवर. किनाऱ्याकडे हिशेब जातो तो लाइन मिळेल तेव्हा. वीज स्वतःची. गोडं पाणीसुद्धा इथंच बनतं. इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राचं पाणी उकळवतात, आणि आत हवेचा दाब कमी ठेवल्यामुळे ते शंभर अंशांच्या कितीतरी आधीच उकळतं. मी विचारलं, सर्व्हर बंद पडला तर? "दुसरा आहे. तोही पडला तर कागद आहे. छापलेली यादी रोज निघते."

दुपारी एका छोट्या खोलीत पुण्याच्या एका मुलीचं सेशन होतं. तिनं आधी लॅपटॉपचं वाय-फाय सगळ्यांदेखत बंद केलं आणि मगच सुरुवात केली. गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उदाहरण दिलं: 2005 पासून जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्रकल्पाचा पूर्ण इतिहास असतो, नेट नसलं तरी काम अडत नाही. मग अवघड भागावर आली. नेट नसताना दोन वेटरांनी एकाच टेबलाच्या ऑर्डरीत फेरफार केले, तर नंतर खरं कुणाचं? "शेवटचा जिंकला" असं ठरवलं तर एकाची ऑर्डर गुपचूप गायब होते. त्यापेक्षा ऑर्डरचा आकडा साठवू नका, "एक चहा वाढवला", "एक चहा कमी केला" अशा नोंदी साठवा, प्रत्येक नोंदीला तिची ओळख द्या. मग त्या कुठल्याही क्रमानं येऊ देत, दोनदा येऊ देत, बेरीज तीच येते. समोर पंधरा-वीस माणसंच होती, पण एकही उठलं नाही.

गोव्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उतरलो, ऊन होतं, परत चढलो.

परतीच्या गाडीत आमचे साहेब शेजारी होते. गुजराती, पण दांडिया बाजारातच वाढलेले, त्यामुळे मराठी आमच्याइतकंच. वापी सोडल्यावर त्यांनी विचारलं, "बेन, आपलं बिलिंगचं सॉफ्टवेअर पादरा गावच्या फॅक्टरीत लावलंय ना? तिथं नेट गेलं की ते काय करतं?"

"बसतं."

"आणि ट्रक?"

"तेही गेटवर बसतात."

साहेबांनी चिवड्याचं उरलेलं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि त्या पुण्याच्या मुलीचा नंबर मागितला.