डावीकडची खिडकी

१४ सप्टेंबर, नागपूर

सकाळच्या विमानाने मुंबईहून आले. खरं तर हवी होती उजवीकडची खिडकी. उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर, चांगलं १.८ किलोमीटर रुंद, वरून बघायचं कधीपासून मनात होतं. मिळाली डावीकडची, पंखाच्या मागची. जराशी खट्टू होऊनच बसले.

आभाळ गच्च भरलेलं. कितीतरी वेळ काचेबाहेर नुसतं पांढरं. मग एकदम ढग खाली राहिले, लख्ख ऊन आलं आणि ढगांवरून पळणारी विमानाची सावली दिसली. तिच्याभोवती रंगांचं पुरं वर्तुळ! बाहेरून तांबडं, आत निळसर, आणि त्याभोवती आणखी एक फिकट कडं.

इंद्रवज्र.

हे बघायला आबांबरोबर तीनदा हरिश्चंद्रगड चढले आहे मी. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला गडाच्या कोकणकड्यावरून ते दिसलं होतं, ही गोष्ट आबा पाचनईच्या वाटेवर दर वेळी सांगायचे. पाठीशी सकाळचं ऊन हवं, समोर दरीत धुकं हवं. आमच्या वाट्याला कधी नुसतं धुकं आलं, कधी नुसतं ऊन.

आज सूर्य पलीकडच्या बाजूला होता आणि ढग खाली. वर्तुळाचा मध्य सावलीच्या नाकाशी नव्हता, शेपटीशीही नव्हता. पंखाच्या जरा मागे, नेमका माझ्या खिडकीपाशी होता. ढगातल्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलटा फिरून ज्याच्या त्याच्या डोळ्यांकडे येतो, म्हणून ज्याचं त्याचं इंद्रवज्र वेगळं. पुढच्या रांगेतल्या मावशींना ते त्यांच्या खिडकीभोवती दिसत असणार.

विमान चढत गेलं तशी सावली ठिपक्याएवढी झाली. कडं मात्र तेवढंच राहिलं. तेव्हा आम्ही माळशेजच्या आसपास असू. गडही कदाचित त्याच ढगांखाली असेल.

नगरच्या बाजूला ढग विरले, तसं तेही गेलं. खाली शेतं आणि शेततळ्यांचे चौकोन.

उतरल्या उतरल्या आबांना फोन केला. गुडघ्यांमुळे त्यांचं गड चढणं सुटलंय. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पूर्ण गोल होतं?"

"पूर्ण गोल, आबा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना घेऊन यायचं. सकाळचं विमान, डावीकडची खिडकी, पंखाच्या मागे.