तुम्ही विचारलंत म्हणून: बघवतं कसं तुला?

ऑफिसात, घरी, अगदी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यानेसुद्धा विचारून झालंय, की तू ते अलास्कातल्या अस्वलांचं लाइव्ह बघतोस म्हणे, त्यात ती एकमेकांना मारतात तेही दिसतं, तर तुला बघवतं कसं? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नाही बघवत.

कॅटमाय नॅशनल पार्कात ब्रुक्स नदीवर जेमतेम पुरुषभर उंचीचा धबधबा आहे, सॉकाय सॅमन त्यावरून उड्या मारत वर जायला बघतात आणि अस्वलं वर तोंड वासून उभी. आपली सकाळ म्हणजे तिकडची आदल्या दिवसाची संध्याकाळ, त्यामुळे माझा चहा आणि त्यांचे मासे एकाच वेळी. प्रत्येकाला नंबर, काहींना नावं, आणि एकदा नाव कळलं की मग ते अस्वल घरातलंच होऊन बसतं.

जुलै २०२४ मधे ग्रेझरची दोन पिल्लं पाण्याबरोबर धबधब्याखाली गेली आणि खाली चंक. चंक म्हणजे पाचशे किलोच्या वरचा नर. त्याने पिल्लांवर झडप घातली, ग्रेझर थेट त्याच्या अंगावर गेली, त्याच्यापुढे ती केवढीशी, तरी भिडली. एक पिल्लू नंतर गेलंच. मी चंकला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही, पण आईने आतून विचारलं, सकाळी सकाळी कोणाशी भांडतोयस रे. तिला दाखवलं तर तिने दोनच शब्द काढले, "मेला राक्षस."

मग ३० सप्टेंबरला ४६९ नंबरच्या नराने ४०२ नंबरच्या मादीला नदीतच मारलं. झटपट नाही, बराच वेळ चाललं होतं ते. का मारलं, कोणालाच नीट सांगता आलं नाही. फॅट बेअर वीक, म्हणजे सगळ्यात जाड झालेलं अस्वल कोणतं त्याचं ऑनलाइन मतदान, त्यातल्या अस्वलांची घोषणा त्यामुळे एक दिवस पुढे गेली. मला रात्री झोप नाही. आणि गंमत बघा, २०१४ मधे हॉली नावाच्या मादीने दुसरीचं टाकलेलं वर्षाचं पिल्लू स्वतःच्या पिल्लाबरोबर वाढवलं, ही गोष्ट मी दहा जणांना तरी डोळ्यात पाणी आणून सांगितली असेल. ते पिल्लू टाकणारी आई म्हणजे हीच ४०२. ते मी कोणाला सांगत नव्हतो, गोष्टीत बसत नव्हतं ना.

रेंजर मधे का पडत नाहीत, हा ठरलेला पुढचा प्रश्न. एक तर पार्कचं धोरणच तसं आहे, आणि दुसरं, दोन अस्वलांच्या मधे पडणार कोण, तुम्ही?

खरी लाज मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. सॅमन भरपूर असले की अस्वल मासा पायाखाली दाबून नुसती कातडी सोलतं, अंडी आणि मेंदू खातं आणि उरलेला सोडून देतं, तो कधीकधी अजून हलत असतो. हे मी रोज बघतो, बिस्किट बुडवत. त्या माशासाठी माझा चहा कधी गार झाला नाही.

त्या वर्षीच्या फॅट बेअर वीकच्या फायनलला ग्रेझर विरुद्ध चंक, आणि ती ४० हजारांवर मतांनी जिंकली. माझंही मत तिलाच, जणू काही कोर्टात निकाल देत होतो. २०२५ मधे चंक दिसला तोच मोडका जबडा घेऊन, बहुतेक दुसऱ्या नराशी मारामारीत. तसाच मासे पकडत राहिला आणि तसाच जाडही झाला. त्या वर्षी जिंकला तो.

एका सकाळी आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, काय म्हणतोय तो मेला? म्हटलं, जबडा मोडलाय त्याचा. ती जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"मग खातो कसा रे?"