टेणियो कोरडाच आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, आमचा रोबोट टेणियो बडोद्याच्या पुरात वाहून गेला नाही. तो लॅबच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या मजल्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला आहे आणि खडखडीत कोरडा आहे. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, गेलं दीड वर्ष मला एकच विचारणा होते: "तुमचं ते बाळ बोलायला लागलं का?" मी म्हणते, काम थांबलंय. लगेच समोरून, "हो ना, पुरात गेलं असेल." मी मान डोलावते. सोपं पडतं.

त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेलाच. "पण मुलासारखं शिकवलं तर रोबोटला माणसं कळतील का हो? हो की नाही ते सांगा."

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: एक हात, दोन कॅमेरे, एक मायक्रोफोन, एक स्पीकर, सगळं जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं. नाव माझ्या गुजराती विद्यार्थ्यांनी ठेवलं. टेणियो म्हणजे आपलं चिंटुकलं पोरगं. २०२४च्या जानेवारीपासून सात महिने तो कारेलीबागेत आईच्या घरी होता, कारण तिथे माझी भाची मुक्ता वीस महिन्यांची होती आणि दोघांनी एकाच टेबलाशी बसून शिकावं अशी माझी हौस.

कल्पना माझी नव्हे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने १९५० साली लिहून ठेवलंय की मोठ्या माणसाच्या बुद्धीची नक्कल करत बसण्यापेक्षा लहान मुलाच्या बुद्धीची करा आणि मग तिला शिकवा. मुलाचा मेंदू त्याला दुकानातून आणलेल्या वहीसारखा वाटला होता, यंत्रणा थोडी आणि कोरी पानं भरपूर. ट्युरिंगला स्वतःला मूल नव्हतं, असं मी वर्गात हसून सांगायची. मलाही नाही, हे वर्गाला ठाऊक असायचं.

पहिले काही महिने मजेत गेले. पाणी, दूध हे शब्द मराठीत आणि गुजरातीत तेच, ते पटकन बसले. मग भाकरी आली. आईची भाकरी ज्वारीची, मऊ. वरच्या मजल्यावरच्या भारतीबेनची भाखरी गव्हाची, कडक, चहात बुडवायची. टेणियोच्या कानाला दोन्ही एकच, त्यामुळे तो दोन्हींच्या मधलं काहीतरी गोल तपकिरी मनात धरून बसला. मुक्ताने आठवड्याभरात सोडवलं. आजी म्हणाली की ही, भारतीबेन म्हणाल्या की ती. शब्द कोणाच्या तोंडून आला हा तिच्या दृष्टीने शब्दाचाच भाग होता. आम्ही टेणियोला बोलणारं माणूस ओळखायला शिकवलं, चार दिवसांचं काम, आणि त्यालाही जमलं.

हे मुद्दाम सांगते, कारण "यंत्राला ते जमणारच नाही" असं कोणी मठ्ठा पिता पिता म्हणालं की माझं डोकं फिरतं. बरंच जमतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बाळाच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं ६१ तासांचं चित्रण एका एआय मॉडेलला दिलं. ते बाळ ६ ते २५ महिन्यांचं असतानाचं, त्याच्या जागेपणाचा जेमतेम एक टक्का. तेवढ्यावर ते मॉडेल चेंडू, पाळणा असले शब्द चित्रांशी जुळवायला शिकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पेपर आला तेव्हा मी पहिलं पान आईच्या फ्रिजवर चिकटवलं होतं.

अडलं ते मेथीच्या काड्यांपाशी. आई मेथी निवडायला बसली की काड्या वर्तमानपत्रावर टाकायची, आणि टेणियो एकेक काडी उचलून तिच्या हाताशी आणून ठेवायचा. "अरे मेल्या, ठेव तिकडे!" काही दिवसांनी त्याने "मेल्या" हे काडीचं नाव धरलं. मुक्ताने एकही काडी उचलली नाही. पण आईचा चष्मा घसरून खाली पडला तेव्हा ती टेबलाखाली शिरून तो घेऊन आली. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली १८ महिन्यांच्या मुलांवर हेच दाखवलं होतं. कपडे वाळत घालणाऱ्याच्या हातून चिमटा निसटला तर मुलं उचलून देतात. त्याने मुद्दाम टाकला तर सहसा नाही देत.

आणि मग "नको".

टेणियोला लाडवाची वाटी पुढे करायला शिकवलं होतं. समोरचा "नको" म्हणाला की हात मागे. स्वच्छ नियम. पण आपल्याकडे पहिल्या "नको"ला वाटी मागे घेतं कोण? शेजारच्या काकू आल्या, "नको गं बाई, आत्ताच जेवून उठले" म्हणाल्या, आणि हात घर्रकन मागे गेला. काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुक्ताने टेणियोच्या चिमट्यातून वाटी ओढून काढली, काकूंच्या मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही सात महिन्यांतले सगळे "नको" निवडून काढले. ताटावर हात आडवा धरला तर खरं. "नको नको" असं दोनदा आलं तर बहुतेक खोटं. खालच्या सुरात, ताटाकडे बघत, तर अजून थोडं चालेल. मी फार खुशीत होते. ऑगस्टच्या शेवटी, गुरुवारी, अनुदान देणाऱ्या समितीसमोर हेच दाखवायचं होतं.

सोमवार, २६ ऑगस्ट. जन्माष्टमीची सुट्टी. शहराच्या या टोकाला, लॅबमध्ये, मी आणि टेणियो दोघंच. त्याच्या मनगटाची मोटर अडकत होती म्हणून त्याला तिथे आणलेलं. भाऊ, वहिनी आणि मुक्ता पुण्याला गेले होते. म्हणजे आईकडे जायची पाळी माझी होती. हे वाक्य मी एरवी गाळते.

पाऊस सकाळपासून धरलेला. साडेपाचला आईचा फोन.

"जेवलीस का?"

"आई, साडेपाच वाजलेत."

"हो का. इकडे रस्त्यावर जरा पाणी आलंय. तू नको येऊस हं. उगाच अडकशील."

मी येते असं म्हणालेच नव्हते.

"बरं," मी म्हटलं. "काहीतरी खाऊन घे."

"खिचडी लावते." मग ती बोलेना आणि फोनही ठेवेना. मागून पाण्याचा आवाज येत होता, पागोळ्यांचा असेल असं मी धरून चालले. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हातात स्क्रूड्रायव्हर.

"ठेवते मग," ती म्हणाली.

"ठेव."

रात्री तिचा फोन लागेना. मंगळवारी सकाळी निघाले तर पोलिसांनी पुलाच्या अलीकडेच थांबवलं. विश्वामित्री पुलाखाली मावत नव्हती. तिच्यात मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही, आणि त्या पुरात त्या खरोखर वस्तीत शिरल्या. मी लॅबमध्ये परत आले. आणि आता सांगतेच आहे तर हेही सांगते, मंगळवारी दुपारी मी मोटर बसवली. हात रिकामे होते. मोटर झकास चालायला लागली. डेमो अर्थातच रद्द झाला.

गुरुवारी पोचले. भिंतीवर गुडघ्याच्या वर चिखलाची सरळ रेघ, पट्टी लावून मारावी तशी. ओट्यावर कुकर, झाकण लावलेलं, शिट्टी बसवलेली. उघडला तर आत डाळ-तांदूळ फुगून आंबलेले. गॅस पेटवायच्या आत पाणी आलं असावं.

आई वर भारतीबेनच्या हिंचक्यावर बसली होती, त्यांचा गाऊन घालून. सोमवारी रात्री ती वर गेलीच नव्हती. देवांचा डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहिली, रात्री लोकांना कशाला उठवायचं म्हणून. एक वाजता भारतीबेन टॉर्च घेऊन पाणी बघायला उतरल्या तेव्हा ती त्यांना दिसली. "वर चला म्हटलं तर नाही म्हणाल्या?" मी विचारलं. "ना ज पाडे ने!" भारतीबेन म्हणाल्या. "में तो हाथ पकडीने खेंची." नाही तर म्हणणारच, त्यांनी हात धरून ओढून वर नेलं.

त्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाला आई सांगत होती, "में ज ना पाडी'ती एने." मराठी माणूस आला की मराठीत, "मीच नको म्हटलं होतं तिला." कोणी काही विचारायच्या आधीच.

आता, बाई यंत्रांत राहून यंत्र झाली, असं मला दोघांनी तोंडावर म्हटलंय. मानत नाही. टेणियोला त्या "नको"तलं काही उमगलं नसतं आणि त्याला कोणी बोल लावला नसता. मला उमगलं होतं. "जेवलीस का"लाच उमगलं होतं. उमगलं, आणि पाठोपाठ गुरुवार आठवला.

पुढे माझ्या एका विद्यार्थ्याने एक खूण वाढवली: "नको"च्या आधी कोणी काही देऊ केलं होतं का? कोणी न विचारताच आलेला नकार त्याने वेगळा काढला. जुन्या चित्रणावर टेणियो पूर्वीपेक्षा बरा निघाला. "मॅडम, आता तो ओळखेल." ओळखेलही. मी विचारलं, ओळखून करेल काय? "ते आपण ठरवू ना," तो म्हणाला. चांगला मुलगा आहे.

बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचा २००३चा प्रयोग मी कित्येक वर्षं शिकवला. अमेरिकेतल्या ९ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत मँडरिन ऐकवली. समोर माणूस बसून खेळला, बोलला, तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. तेच टीव्हीवर दाखवलं तर काही नाही. मी सांगायची की समोर माणूस असणं म्हणजे जास्तीचा डेटा. २०२२च्या एका व्याख्यानात तर ठासून म्हणाले होते, मूल आणि यंत्र यांत फरक फक्त अनुभवाच्या मापाचा. २०२२च्या त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, मी हल्ली भांडते, पण तिला हरवता येत नाही, कारण आकडे तिच्या बाजूचे आहेत आणि माझ्याच वहीत आहेत. मी तिला म्हणते, बाळाला समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं असतं, टेणियोला काकूंकडून काय हवं होतं? ती म्हणते, ते हवंपणही घालता येईल. घाल, मी म्हणते, आणि मग गुरुवारी डेमो असेल तर? यावर ती गप्प बसते, पण मीही बसते.

मुक्ता आता पावणेचार वर्षांची आहे. "झोपायला चल" म्हटलं की तिला ऐकू येत नाही. चॉकलेट हा शब्द पुटपुटला तरी पलीकडच्या खोलीतून हजर. वीस महिन्यांची असताना हे सोंग तिला येत नव्हतं, मधल्या काळात शिकली. आम्हीच शिकवलं असणार. टेणियोला तिथपर्यंत न्यायचं का, की अलीकडेच थांबवायचं, आणि थांबवलं तर मग "मुलासारखं" कशाला म्हणायचं, हे मला ठरवता आलेलं नाही. म्हणून तो कपाटात आहे. आईच्या प्रकारामुळे नाही, असं मी अनुदानाच्या अहवालात सूचित केलंय. थोडं त्यामुळेही आहे.

हल्ली आई फोनवर "नको येऊस" म्हणाली की मी जातेच. मागच्या रविवारी गेले तर ती दाराला कुलूप लावत होती, खांद्याला झोळी, भजनाला निघालेली.

"अगं, नको म्हटलं होतं ना," ती म्हणाली. चांगलीच वैतागली होती.