वाचनालयाचं कार्ड : अनामत कसली, हक्क कुठले

"नाव सार्वजनिक वाचनालय, मग अनामत कसली घेता?" ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या कुठल्याही वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत टेबलामागच्या माणसाला ते सांगायला सवड नसते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडची जुनी वाचनालयं सरकारने काढलेली नाहीत. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याची १८४८ची नेटिव्ह जनरल लायब्ररी, जिला आज आपण नगर वाचन मंदिर म्हणतो, ही सगळी वर्गणीवर उभी राहिली. चार पैसे एकत्र करायचे, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मागवायची, आळीपाळीने वाचायची. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले आणि १८६४मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची जात मात्र वेगळी. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १ जून १८९३ला ते स्थापन केलं तेव्हा नुसती वाचायची सोय करणं हा हेतू नव्हता. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक जमवून जपायचं, असा तो संकल्प होता. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८मध्ये निघालं. मराठी पुस्तकं जपायचं हे काम मुंबईच्या आधी ठाण्याने हाती घेतलं, हे मुंबईकरांना अधूनमधून सांगावं लागतं.

हा फरक कार्डधारकाला आजही जाणवतो. वर्गणीतून वाढलेल्या वाचनालयात जवळजवळ सगळं घरी नेता येतं. संग्रहालयाच्या वृत्तीच्या संस्थेत पुस्तकांचे दोन भाग असतात, देवघेवीचा आणि संदर्भाचा. संदर्भाचं पुस्तक तिथेच बसून वाचायचं. टेबलावरच्या माणसाशी हुज्जत घालून ते घरी मिळत नाही आणि मिळूही नये.

आता कायदा. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला. महाराष्ट्र राज्याचा १९६७चा. शेजारच्या कर्नाटकाने १९६५च्या कायद्यात घरपट्टीसारख्या करांवर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्या कायद्यात उपकर नाही. लोकांनी काढलेल्या संस्थांना शासन मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि वर्गाप्रमाणे वार्षिक परिरक्षण, म्हणजे देखभालीचं, अनुदान देतं. अशी शासनमान्य ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजार आहेत. २०२२मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. त्याआधीची वाढ त्याच्या दहा वर्षं आधीची. या वाढीनंतर 'ड' वर्गाला वर्षाला ३०,००० ऐवजी ४८,००० रुपये मिळू लागले आणि जिल्हा किंवा तालुका दर्जा नसलेल्या, म्हणजे 'इतर' गटातल्या 'अ' वर्गाला २,८८,००० ऐवजी ४,६०,८००. यातली निम्मी रक्कम पगारावर जायची, निम्मी बाकीच्या खर्चावर. 'ड' वर्गाचा हिशेब करून बघा: पगाराला महिन्याला २,००० रुपये. उपनगरात या पैशांत संध्याकाळचे तीन तास दिवे लावून बसायलाही माणूस मिळत नाही. कुलूप उघडतं ते कार्यकर्त्यांच्या हौसेवर आणि आपल्या वर्गणीवर. अनामत कसली याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर पुस्तकाच्या किमतीत. अनामत म्हणजे पुस्तक परत आलं नाही तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली रक्कम. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पन्नास रुपये अनामत भरून झालेले सभासद अजून आहेत आणि आजची बरी कादंबरी तीनशे-चारशेच्या खाली नसते. नियमावलीत बहुतेक ठिकाणी असं वाक्य असतं की पुस्तकाची किंमत अनामतीपेक्षा जास्त असेल तर ग्रंथपाल जादा अनामत मागू शकतात. जाडजूड चरित्र मागितल्यावर "हे नाही मिळणार" असं ऐकू आलं तर वाद घालू नका, "फरकाची अनामत भरतो" म्हणा. बहुतेक वेळा काम होतं.

कार्ड काढायला लागतं ते थोडकंच: छापील अर्ज, एक-दोन फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, प्रवेश फी, अनामत आणि पहिल्या काही महिन्यांची वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही मागतात. भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं पत्त्यापाशी अडतं, कारण आधारवर गावचा पत्ता असतो. नोंदणी केलेला भाडेकरार न्यावा. वर्गणीचे गट ठरलेले असतात: एक पुस्तक, एक पुस्तक आणि एक मासिक, दोन पुस्तकं, बालविभाग. घरात वाचणारे दोघं असले तर दोन कार्डांपेक्षा दोन पुस्तकांचं एक कार्ड सहसा स्वस्त पडतं. अनामतीची पावती मात्र वर्गणीच्या पावत्यांत मिसळू नका. वर्गणीची पावती वर्ष संपलं की रद्दी. अनामतीची पावती वीस वर्षांनीही लागते.

वर्तमानपत्रं वाचायला कार्ड लागत नाही. वाचनकक्ष सगळ्यांना मोकळा असतो, तिथे वहीत सही केली की झालं. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका हा वेगळा विभाग आहे. तिचं शुल्क वेगळं, जागा मोजक्या आणि प्रतीक्षा यादी लांब. पुस्तकाच्या कार्डावर तिथे खुर्ची मिळत नाही.

देवघेव कशी चालते ते एकदा समजून घेतलं की निम्मे तंटे मिटतात. लहान वाचनालयात प्रत्येक सभासदाचं एक पान असतं. दिल्याची तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं की नोंदवहीत त्या प्रतीला मिळतो तो आकडा), परतीची तारीख, सही. मोठ्या ठिकाणी बरीच वर्षं ब्राऊन पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा, त्यात पुस्तकाचं छोटं पत्र, म्हणजे कार्ड, त्यावर दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक. शेजारी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. वाचकाकडे तिकिटं, तीही खिशासारखी, जितकी पुस्तकं तितकी तिकिटं. पुस्तक नेताना त्यातलं पत्र काढून आपल्या तिकिटात सारतात, चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात आणि ती जोडी लाकडी ट्रेमध्ये त्या तारखेच्या मागे क्रमांकाने लावतात. परत करताना उलटा प्रवास: चिठ्ठीवरची तारीख पाहायची, ट्रेमध्ये त्या तारखेमागे तो क्रमांक शोधायचा, पत्र पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. तारीख उलटून गेलेल्या जोड्या ट्रेमध्ये आपोआप मागे उरतात, थकबाकीदारांची वेगळी यादी करावी लागत नाही. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती वीज गेली तरी चालते.

चुका होतात त्या ठरावीक. सकाळी शिक्क्याची तारीख बदलायची राहिली की दिवसभराची पुस्तकं एका तारखेची आणि जोड्या दुसऱ्या तारखेमागे, मग परतीच्या दिवशी तिकीट सापडत नाही. दुसरी चूक दोन प्रतींची. लोकप्रिय कादंबरीच्या तीन प्रती असतात, शीर्षक एकच, दाखल क्रमांक वेगळे. घाईत एका प्रतीचं पत्र दुसरीच्या खिशात गेलं, की पुस्तक परत करूनही ते तुमच्या नावावर राहतं. घरी नेण्याआधी पत्रावरचा आणि पुस्तकातला दाखल क्रमांक जुळतो का बघा. पुस्तकात तो शीर्षकाच्या पानावर आणि आत एका ठरलेल्या पानावर लिहिलेला असतो. हे आतलं पान प्रत्येक वाचनालयाचं वेगळं आणि सहसा गुपित. पहिलं पान फाडून पुस्तक लंपास करणाऱ्यांसाठी ती सोय आहे.

संगणक आल्यावर घोटाळे गेले नाहीत, त्यांचं रूप बदललं. बारकोड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पुस्तक बांधणीला गेलं की जुना पुठ्ठा जातो आणि बारकोडही. आतल्या पानावर दुसरा असेल तरच निभावतं. दुसरा घोळ शोधाचा. सुरुवातीच्या वर्षांत नोंदी जुन्या मराठी फॉन्टमध्ये झाल्या, नंतर युनिकोडमध्ये, काही रोमन लिपीत. आद्याक्षरांमध्ये कुणी जागा सोडली, कुणी नाही. म्हणून शोधताना पूर्ण नाव टाकू नका. नुसतं आडनाव, किंवा शीर्षकातला जोडाक्षर नसलेला एकच शब्द टाकून पाहा. तरीही सापडलं नाही तर कपाटापाशी जा. विषयांना आकडे देणारी ड्यूई पद्धत असेल तर मराठी साहित्य ८९१.४६ या आकड्याखाली असतं, पुढचा १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. टोपणनावाने लिहिणारे लेखक काही ठिकाणी टोपणनावाखाली, काही ठिकाणी खऱ्या आडनावाखाली. इथे ग्रंथपालांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

जुन्या पुस्तकाच्या मागावर असाल तर आधी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. पहिल्या खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली पुस्तकं विषयवार आहेत. पुस्तकाचं नेमकं नाव, वर्ष, प्रकाशक सूचीतून उतरवून नेलंत तर संदर्भ विभागातलं काम दहा मिनिटांत होतं. "ते जुनं, निळ्या कव्हरचं" एवढ्यावर कुणाला शोधायला लावू नका. १८६७पर्यंतच्या छापील पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रितं म्हणतात. ती हातात मिळणं अवघड, परवानगी घेऊन तिथेच पाहायची. फोटो काढायच्या आधी विचारावं. झेरॉक्सचा हट्ट तर धरूच नये, कारण काचेवर पुस्तक सपाट दाबलं की ठिसूळ कागदाचा कणा मोडतो.

कागदाचे हाल हा आमच्या पट्ट्यातला कायमचा विषय. खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस, भिंतीला टेकवलेली लोखंडी कपाटं. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं नाही तर मागच्या रांगेला बुरशी धरते. कसर डिंकावर आणि खळीवर जगते, म्हणून ती आधी कणा खाते. वाचकाने करायची गोष्ट एकच: पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका. वर्षा-दोन वर्षांत तिचा चिकट द्रव कागदात उतरतो, पान पिवळं पडतं आणि बांधणीवाल्याला ते वाचवता येत नाही. फाटलेलं पान आत तसंच ठेवून परत करताना सांगा. दंड करत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना. पाऊस असेल तर प्लास्टिकची पिशवी आणि लोकलमध्ये पुस्तक सॅकच्या आतल्या कप्प्यात. पाण्याची बाटली ज्या कप्प्यात असते त्यात नको, भिजलेल्या पुस्तकांत बाटलीचे बळी बरेच निघतात.

पुस्तक हरवलंच तर लगेच कळवा. विलंब शुल्काचं मीटर चालू असतं आणि सहा महिन्यांनी गेलात तर ते शुल्क आणि पुस्तकाची किंमत, दोन्ही भरावं लागतं. त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून देणं सगळ्यात सोपं. तीन खंडांतला एक हरवला तर पूर्ण संचाची किंमत मागतात. हे अन्यायाचं वाटतं, पण एकटा खंड बाजारात मिळत नाही.

दिवाळी अंकांची योजना स्वतंत्र असते. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल; आता एकेका वाचनालयात शे-दोनशे अंक येतात. योजनेचं शुल्क वेगळं आणि परतीची मुदत पुस्तकापेक्षा कमी. पैसे वसूल करायचे असतील तर पहिल्या तीन आठवड्यांत गाजलेल्या अंकांमागे धावू नका, तेव्हा सगळेच धावत असतात. आरोग्य, विनोद, बालांक आधी वाचून घ्या. मोठे अंक जानेवारीत निवांत मिळतात.

हवं असलेलं नवं पुस्तक वाचनालयात यावं असं वाटत असेल तर मागणीच्या वहीत लिहा. लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि किंमत, चारही. नुसतं शीर्षक लिहिलेल्या मागण्या मागे पडतात. वेळही साधावी लागते. अनुदानाचा हिशेब मार्चअखेर द्यायचा असल्याने मोठी खरेदी त्याच्या आधीच्या महिन्यांत होते, शिवाय त्यातली काही पुस्तकं ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीतली घ्यावी लागतात. डिसेंबरपर्यंत लिहिलेली मागणी त्या खरेदीत बसू शकते; एप्रिलमध्ये लिहिलेली पुढच्या वर्षावर जाते.

आणखी एक हक्क फारसा कुणी वापरत नाही. ही वाचनालयं बहुधा संस्था नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त कायदा या दोन्हींखाली नोंदलेली असतात. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, त्यात जमाखर्च वाचला जातो. मतदानाचा हक्क कुणाला हे संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असतं. काही ठिकाणी सगळ्या वर्गणीदारांना, काही ठिकाणी फक्त आजीव सभासदांना. कार्ड काढतानाच हे विचारून घ्या. रविवारी बंद का, वेळ रात्री नऊपर्यंत का नाही, या तक्रारी टेबलावरच्या सेवकाकडे करून काहीच बदलत नाही. त्या सभेत करायच्या असतात आणि तिथे गणपूर्तीसाठी अर्धा तास माणसांची वाट बघत बसलेले असतात.

कार्ड बंद करताना सगळी तिकिटं आणि पुस्तकं जमा करून अर्ज द्या, सोबत अनामतीची मूळ पावती. थकीत वर्गणी असेल तर ती वजा करून बाकी मिळते. काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी पुढच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीनंतर. घर बदलून जाणारे बरेच जण वर्गणी भरायचं नुसतं थांबवतात. मग वर्गणी साचत जाते, तिनेच अनामत खाऊन टाकली जाते आणि त्यानंतर अर्ज केला तर हाती काही येत नाही. सामान हलवायच्या आठवड्यात हे काम आठवणार नाही, तेव्हा ते आधीच्या महिन्यातच उरकून घ्या.