आधी अर्थ बघायचा : आमची वाटचाल

१९९४ साली चिपळूणला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान सुरू झालं. टेस्ट लॅम्प, सोल्डरिंगचं सामान आणि उस्तादांकडे सहा वर्षं राबून तयार झालेला हात, एवढंच भांडवल.

दुसऱ्याच महिन्यात एक प्रीमियर पद्मिनी गाडी आली. उजवा हेडलाइट मंद. मी बल्ब बदलला, होल्डर बदलला, स्विचपासून नवी वायर ओढली. दिवा लागला, पैसे घेतले. चार दिवसांनी गाडीमालक परत आले. कुंभार्ली घाटात रात्री धुक्यात तोच दिवा बसला होता आणि गाडीत त्यांची म्हातारी आई होती. एका एसटीच्या मागे मागे ते कसेबसे खाली उतरले. ते रागावले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. पैसे परत केले आणि दिवा पुन्हा खोलला. बॉडीवर अर्थची, म्हणजे करंट बॅटरीला परत नेणारी, वायर आवळलेला स्क्रू गंजून तपकिरी झाला होता. माझ्या आधीच्या हलवाहलवीत तो तात्पुरता टेकला असणार. पत्रा घासून पांढरा केला, वायरच्या टोकाला नवी थिंबल (धातूची कडी) आवळली, दिवा लख्ख.

तेव्हापासून दुकानात नियम आहे : बल्ब बदलण्याआधी अर्थ बघायचा, आणि तोही दिवा चालू ठेवून. होल्डर काढून मीटर लावला तर गंजक्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. बल्बने करंट ओढायला लागल्यावरच खरं कळतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला की दोष तिथेच. व्होल्ट १० टक्के कमी मिळाले तरी उजेड साधारण ३० टक्के घटतो. घाटात तेवढा उजेड फार मोठा असतो.

पार्किंगच्या दिव्यांचंही तसंच. ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग मिणमिणतात, अशी तक्रार घेऊन माणसं येतात तेव्हा आम्ही थेट मागचा दिवा खोलतो. तिथला अर्थ तुटला की ब्रेकचा करंट त्याच बल्बच्या पार्किंगच्या तारेतून उलटा फिरतो आणि बाकीच्या दिव्यांतून वाट काढतो. अ‍ॅम्बेसेडरमध्ये शोधाशोध त्यातल्या त्यात सोपी, कारण मूळ वायरिंग शाबूत असेल तर रंग बोलतात : निळ्यावर पांढरी रेघ अप्पर (लांबचा झोत), निळ्यावर लाल डिप्पर (जवळचा झोत), नुसती लाल पार्किंग, काळी अर्थ.

मध्यंतरी १००/९० वॉटच्या, म्हणजे अप्परला १०० आणि डिप्परला ९० वॉट घेणाऱ्या, बल्बांचं वेड आलं. दोन्ही अप्पर मिळून १६ अँपिअरच्या वर करंट, आणि तो सगळा जुन्या स्विचमधून. वितळलेले स्विच, काळे पडलेले कपलर आम्ही ढिगाने काढले. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण ते बल्ब बसवायचे नाहीत असं ठरवलं. ६०/५५ चाच बल्ब ठेवून रिले टाकतो, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात : बॅटरीवरून फ्यूजमधून ३० ला, ८७ वरून दिव्याला, स्विचची जुनी वायर फक्त ८६ ला, ८५ अर्थला. अप्परला एक, डिप्परला एक. स्विच थंड राहतो आणि दिव्याला पूर्ण व्होल्ट मिळतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. मीटर, चार्जर, सुटे भाग, सगळं चिखलात. आठ दिवस नुसता गाळ उपसला. मग बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. वरून धड दिसणारी वायर सोलली की आत तांबं काळं-हिरवं. पाणी तारांमधून हातभर आत चढलेलं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जायचं, मगच जोड द्यायचा. घाई केलेला जोड पुढच्या पावसाळ्यात परत येतो. त्या वर्षी माझ्या दोन पोरांनी जे काम केलं, त्यावर आजचं दुकान उभं आहे.

आजही हेडलाइटचं काम झालं की गाडी लगेच ताब्यात देत नाही. अंधार पडल्यावर मालकांना शेजारी बसवून परशुराम घाटात एक फेरी मारतो. वळणावर अप्पर-डिप्पर करून दाखवतो आणि खाली उतरल्यावर किल्ली देतो.