फोन घेताना इंच राहू द्या, रुंदी बघा

नवीन फोन घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर लिहितेय, कारण ऑफिसातल्या मैत्रिणी, वहिनी, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच असतो, "नवीन फोन घ्यायचाय, किती इंचाचा घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. इंच राहू दे, रुंदी किती मिलिमीटर आहे ते बघ. यावर समोरची गोंधळते, आणि साहजिक आहे, कारण जाहिरातीत रुंदी कोणी सांगतच नाही.

इंच म्हणजे स्क्रीनचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं घेतलेलं माप. फोन हातात मावेल की नाही हे त्यावरून कळत नाही. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी नोट आला, त्याची स्क्रीन ५.३ इंच आणि रुंदी जवळजवळ ८३ मिलिमीटर. २०२१ चा आयफोन १३ मिनी घ्या, स्क्रीन ५.४ इंच, म्हणजे इंचात नोटपेक्षा मोठाच, आणि रुंदी फक्त ६४ मिलिमीटर. स्क्रीनच्या भोवतीची पट्टी गेली आणि स्क्रीन उंच नि अरुंद झाली, म्हणून एवढा फरक पडला. आज बाजारात जे स्वस्त आणि मधल्या किमतीचे फोन आहेत त्यातले बहुतेक ७५ ते ७७ मिलिमीटरचे, वर कव्हर घातलं की अजून थोडे रुंद, आणि मग आपल्या हाताला वाटतं की आपलाच पंजा लहान आहे. तसं नाहीये हो. पंजा बरोबर आहे, फोन रुंद आहे.

उभा फोन एका हातात कसा धरतो ते आत्ताच बघा. चार बोटं मागे, करंगळी बहुतेकांची खालून टेकू देते, आणि सगळं काम एकटा अंगठा करतो. तो बुडापासून कमानीत फिरतो, त्यामुळे मधला आणि खालचा भाग सहज हाताला येतो, पलीकडचा वरचा कोपरा येत नाही. तिथे पोचायला फोन हातात सरकवावा लागतो आणि पडतो तो त्याच क्षणी. आडवा धरलात तर दुसरा हात लागणारच. स्टीव्हन हूबर नावाच्या डिझायनरने २०१३ मध्ये रस्त्यावर, बसस्टॉपवर, कॅफेत १३३३ जणांना फोन वापरताना पाहून नोंदी केल्या होत्या. त्यात स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने वापरत होते. तेव्हाचे फोन लहान होते हे खरं, पण दुसरा हात मोकळा नसतो हे तेव्हाही तसंच होतं आणि आजही तसंच आहे.

मी मुंबईची, त्यामुळे माझ्यासाठी दुसरा हात म्हणजे लोकलची कडी. खांद्याला पर्स, एक हात वर, उरलेल्या हातात फोन, आणि मागून धक्का. हा प्रकार फोनच्या आधीपासूनचा आहे बरं का. गर्दीत उभ्याने पेपर वाचणारी माणसं आठवा, पूर्ण पान उघडायला जागाच नाही, म्हणून पेपर उभा दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, एक-दोन कॉलमची पट्टी करून एका हातात धरायची. उभा फोन मला अगदी त्या पट्टीसारखा वाटतो. अरुंद कॉलम वाचायला डोळ्यालाही बरा, ओळ संपली की पुढची ओळ लगेच सापडते. म्हणून उभ्या स्क्रीनला कोणी गैरसोय म्हटलं की मला पटत नाही, वाचायला ती उत्तम आहे.

बरं, २०१७ ला एलजी जी६, गॅलक्सी एस८ असे लांबुडके फोन आले आणि रुंदी न वाढवता स्क्रीन वाढवायची सोय झाली. पण त्यात वरचा भाग अंगठ्यापासून आणखी लांब गेला. मग सॉफ्टवेअरवाल्यांना खाली यावं लागलं. सॅमसंगने २०१८ मध्ये आपल्या फोनच्या स्क्रीनची नवी मांडणी, वन यूआय, आणली, वरचा भाग बघायला आणि खालचा भाग बोटं लावायला असा सरळ हिशोब. फायरफॉक्स या ब्राउझरने २०२० मध्ये अँड्रॉइडवर ॲड्रेस बार खाली आणला, आयफोनच्या सफारी ब्राउझरने २०२१ मध्ये, आणि सफारीच्या वेळी लोक इतके वैतागले की ॲपलला बार वर ठेवायचा पर्यायही द्यावा लागला. मला विचाराल तर खालीच ठेवा, आठवडाभरात सवय होते.

तरी अजून कितीतरी ॲप्समध्ये "मागे जा"चा बाण डावीकडे अगदी वर असतो, उजव्या हाताने वापरणाऱ्याला त्याहून लांबची जागा स्क्रीनवर नाही. अँड्रॉइड १० पासून दोन्ही कडांवरून स्वाइप करून मागे जाता येतं, त्यामुळे डावखुऱ्यांचाही प्रश्न सुटला. ॲप बनवणारं कोणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगते, भाजीची पिशवी एका हातात धरून पैसे देणाऱ्या बाईचा विचार करा, कडेवर पोर असलेल्या आईचा करा, आणि ज्यांचा एकच हात चालतो त्यांचा तर आधी करा. त्यांच्यासाठी ही सोय चैनीची गोष्ट नाहीये.

ज्यांच्याकडे मोठा फोन आहेच त्यांनी तो बदलायची गरज नाही. सॅमसंगमध्ये वन-हँडेड मोड आहे, त्यात सगळी स्क्रीन लहान होऊन एका कोपऱ्यात येते. आयफोनमध्ये रीचेबिलिटी चालू करा, खालच्या कडेवर बोट खाली ओढलं की वरचं सगळं अर्ध्यावर उतरतं. जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्डही एका बाजूला सरकवता येतो, पण मराठी कळा आधीच दाटीवाटीने असतात, त्या अजून बारीक होतात, म्हणून मराठीत एका हाताने लिहायचं तर बोलून टाइप करणं मला जास्त बरं वाटतं (लोकलमध्ये ते जमत नाही ही अडचण आहेच).

आणि हो, ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, अक्षरं मोठी लागतात, जे निवांत खुर्चीत बसून दोन्ही हातांनी फोन बघतात, त्यांना मोठाच घ्या. माझ्या बाबांना मी स्वतः मोठा घ्यायला लावला.

बाकीच्यांनी दुकानात जाऊन डमी पीस मागू नका, चालू फोन मागा म्हणजे वजनही कळेल, आणि जमल्यास कव्हर घालून बघा. एका हातात उभा धरा, दुसरा हात पाठीमागे. करंगळी न हलवता अंगठा पलीकडच्या कडेला मधोमध टेकतोय का बघा, मग वरून नोटिफिकेशन खाली ओढून बघा, मग दोन ओळी टाइप करा. रुंदी वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये डायमेन्शन्सच्या ओळीत असते. माझ्या हाताला ७१-७२ च्या वर जमत नाही, तुमचा आकडा वेगळा येईल, तो एकदा काढून लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी दुकानदाराने इंच सांगितले की त्याला फोनची रुंदी विचारा.